गणपती किती दिवसांचा?

"गणपती किती दिवसांचा तुमच्याकडे?"

निनादने हे विचारलं तेव्हा तो खुर्चीत मागे रेलला होता. लॅपटॉप मिटवलेला. म्हणजे कामाचं बोलणं संपलं होतं. त्याआधीच्या फेऱ्यांत माझ्याकडून कोड लिहून घेतला होता, फळ्यावर आकृत्या काढून घेतल्या होत्या. हॉटेलात एकच खोली उरलीय आणि ती एकाच वेळी दोघांनी बुक केली तर तुझी सिस्टिम काय करेल, हे खोदून खोदून विचारलं होतं. सगळं सांगितलं मी. कुठे अडले नाही. आणि मग हा प्रश्न. हसत हसत, चहाचा घोट घेत.

इथे अडले.

रायगडच्या किनाऱ्यावर हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतं. रिक्षावाला विचारतो, बँकेतला कॅशियर विचारतो, एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते. दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, गौरी-गणपती, अनंत चतुर्दशीपर्यंतचा. उत्तर दिलं की गप्पा सुरू. मुंबईहून कोण कोण येणार, भजन कुणाच्या घरी, मोदकाच्या पाऱ्या कुणाला जमतात. त्यात वाईट काही नाही. पण तुम्हाला नोकरी द्यायची की नाही हे ज्याच्या हातात आहे, त्याने लॅपटॉप मिटवून विचारलं की तोच प्रश्न वेगळा होतो.

कारण माझं आडनाव काही सांगत नाही. गावावरून पडलेलं आडनाव आहे. आमच्या गावात ते भटजी लावतात, आगरी लावतात आणि बौद्धवाडीतले आम्हीही लावतो. नुसतं वाचून कळत नाही. रंगावरून ओळखू म्हणावं, तर खाऱ्या वाऱ्यात सगळेच रापलेले. मग चाचपायचं कसं? तर असं.

"आमच्याकडे गणपती नसतो," मी म्हटलं.

कप त्याच्या ओठापाशी थांबला. एवढंच झालं. बाकी चेहरा तसाच हसरा. मग म्हणाला, "ओह. ओके, ओके. कूल." आणि लगेच, मी काही विचारलेलं नसताना, "आपण इथे हे काही मानत नाही हं. इथे फक्त मेरिट."

घरी आले. आई पडवीत पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होती. आई अंगणवाडी सेविका होती, आता निवृत्त. तिला सगळं सांगितलं. कोडचं तिला कळलं नाही. गणपतीचं बरोबर कळलं.

"मानत न्हाय, तर मंग इचारलान कशाला?" ती म्हणाली.

मी तिच्यावर चिडले. तुला सगळ्यातच काहीतरी दिसतं, म्हटलं. ती तेल चोळत राहिली.

नोकरी मिळाली. आणि मी घेतली. नाही म्हणायची सोय नव्हती. त्याआधी ऐरोलीत काम करत होते, तिघींत एक खोली होती. बाबा गेले, आईचे गुडघे गेले, आणि मला घरी परतायचं होतं. घरातून रिक्षाने पोचता येईल अशी सॉफ्टवेअरची नोकरी या किनाऱ्यावर दुसरी नव्हती. रेवदंड्याच्या अलीकडे नारळी-पोफळीची एक वाडी निनादने विकत घेतली होती. तिच्यातल्या बंगल्यात कंपनी. वरच्या मजल्यावरून समुद्र दिसतो. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टना आम्ही बुकिंगचं सॉफ्टवेअर बनवून देतो. मुंबई-पुण्याचे इंजिनीयर इथे समुद्राकडे बघत कोड लिहितात आणि फोटो टाकतात. फक्त डब्यात मासे आणायचे नाहीत. वास येतो म्हणे. समोर समुद्र, बाजूला कोळीवाडा, वाळत घातलेल्या बोंबलांचा वारा थेट खिडकीतून आत येतो, आणि डब्यात मासे नाहीत. आम्ही हे काही मानत नाही म्हणणाऱ्यांच्या बंगल्यात पाळायचा हा पहिला नियम.

पहिला गणपती आला तेव्हा एचआरची केतकी माझ्या टेबलापाशी आली. गोड मुलगी. कुणाशीही बोलताना मान तिरकी करते.

"गणपतीत ऑन-कॉल तू घेशील ना? तुमच्याकडे नसतो ना, म्हणून."

ऑन-कॉल म्हणजे सगळे सुट्टीवर असताना एकाने सिस्टिमवर लक्ष ठेवायचं. काही पडलं, अडलं, तर धावायचं. मी हो म्हटलं. मग ती गेली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिला कुणी सांगितलं? मी तर बोलले नव्हते. बंद खोलीत एका माणसाला दिलेलं उत्तर बंगल्याभर फिरून माझ्या टेबलावर परत आलं होतं. त्या दिवसापासून मी मोजायला नाही, पण बघायला लागले. कोण माझ्याशी बोलताना आवाज बदलतो. कोण जरा जास्तच गोड बोलतं.

ऑफिसातही गणपती बसतो. दीड दिवसाचा. खाली हॉलमध्ये आरास, वर सर्व्हरपाशी मी. निनाद जिन्यात येऊन म्हणाला, "तू आरतीला नसलीस तरी चालेल हं. आम्ही समजू शकतो." मी काही समजून घ्या म्हटलं नव्हतं. मला आरती म्हणायची नव्हती हे खरं. पण माझं 'नको' मला म्हणायचं होतं. त्याने तेही माझ्या आधी म्हणून टाकलं, वर उपकार केल्यासारखं.

जेवायच्या वेळी कुणीतरी माझं ताट वर आणून दिलं. कागदाची प्लेट, तिच्यावर दोन मोदक, भाजी, वरण-भात. खाली सगळे केळीच्या पानावर बसले होते. पानं संपली असतील, मी मनाशी म्हटलं. असतील बाबा. गर्दी होती. मग हात धुवायला खाली गेले तर ओट्यावर धुतलेल्या पानांची चळत तशीच पडली होती. मी पानांकडे बघितलं, हात धुतले, वर आले.

आता यावर कुणी म्हणेल, जिना चढून पान कसं नेणार, वरण सांडलं असतं. शक्य आहे. हेच तर आहे. प्रत्येक गोष्टीला एक साधं कारण असू शकतं आणि एक दुसरं. मला दोन्ही धरून जगावं लागतं. माझ्या कोडवर निनाद बारा शेरे मारतो आणि शेजारच्याच्या कोडवर नुसतं 'छान' लिहितो, तेव्हा माझा कोड वाईट आहे की मी? क्लायंटबरोबर जेवायला सगळी टीम जाते आणि मला 'अगं, तुला कळवायचं राहूनच गेलं', तेव्हा खरंच राहून गेलं की ठेवलं? शेजारी बसणाऱ्याला ही डोकेफोड नसते. त्याला शेरा म्हणजे शेरा. मला प्रत्येक शेऱ्यामागे जाऊन बघावं लागतं. घरी जाताना रिक्षात बसूनही मी तेच करते. फार दमायला होतं. एकदा केतकीला पानांचं बोलले. तिने मान तिरकी केली. "तू ना, फार मनाला लावून घेतेस."

मग बोलणं बंद केलं. घरून काम करायची वेळ आली की कॅमेऱ्यात मागचं धूसर करून ठेवायचे. आमच्या बाहेरच्या खोलीची भिंत निळी आहे. तिच्यासमोर स्टुलावर आईची बुद्धमूर्ती, वर पंचशील ध्वज. कॉलवर बाकीच्यांच्या मागे पुस्तकं दिसत, कुंड्या दिसत, एकाच्या मागे अख्खा देव्हारा दिसे. माझ्या मागे धुकं. आई एकदा डोकावून म्हणाली, "आपलं घर कुठं गेला?" मी म्हटलं, नेट वाचतं असं केलं की. तिने मूर्तीकडे बघितलं आणि आत गेली.

काम मात्र मी चोख केलं. ते नाकारणं त्यांनाही जमलं नाही. सीनियर झाले. आणि मग निनादने मला मुलाखतीच्या पॅनलवर घेतलं.

"आपल्याला लोकल टॅलेंट घ्यायचंय. तू इथलीच. त्या मुलांना तुझ्यासमोर मोकळं वाटेल," तो म्हणाला.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता आतून बघता येईल. बघितलंच. रोहा, मुरूड, पेण, थळ, कुठून कुठून मुलं यायची. इस्त्री केलेला शर्ट, फाइल छातीशी. मी तांत्रिक प्रश्न विचारायचे. शेवटी निनाद लॅपटॉप मिटवायचा. मिटवताना झाकणाचा आवाज व्हायचा, टप्. की समजायचं, आला प्रश्न.

"गणपती किती दिवसांचा तुमच्याकडे?"

बहुतेक जण खुलायचे. सर, पाच दिवसांचा. सर, आमचा गौरीबरोबर. मग निनादही खुलायचा. पण मधूनच एखादा गिळायचा. नुसती थुंकी गिळायचा, आणि मला कळायचं. त्या मुलाचं पुढे काय झालं ते विचारलं की केतकी सांगायची, 'कल्चर फिट वाटला नाही.' मुसलमान मुलांना तो प्रश्न विचारतच नसे. नावातच उत्तर असायचं. त्यांना फक्त डब्याचा नियम दोनदा सांगितला जायचा. माझ्यावेळी मी 'नसतो' म्हणूनही मला घेतलं होतं, हे मात्र तो अधूनमधून काढायचा. "आपल्याकडे भेदभाव असता तर तू इथे असतीस का?" असं. मला त्यांनी घेतलं होतं ते दाखवायला, असा संशय मला तेव्हापासून येतो. आजही येतो.

मी त्या खोलीत बसून काय करत होते? तोंडाकडे बघत होते. समोरचा गिळतो का, हे मला निनादच्या आधी कळायचं. कारण मी गिळलेलं आहे.

मग स्नेहल आली. पालीहून, दोन एसट्या बदलून. बारीक चणीची मुलगी, ओढणी पिनेने घट्ट लावलेली. मी तिला तोच आमचा जुना प्रश्न दिला, एक खोली आणि दोन गिऱ्हाइकं. तिने सोडवला. सोडवून थांबली नाही. म्हणाली, "मॅडम, पहिल्याने खोली धरून ठेवली आणि पैसे भरताना त्याचं नेटच गेलं तर? आमच्याकडे रोज जातं. मग खोली कुणाची?" आणि त्याचंही उत्तर तिनेच फळ्यावर मांडलं. आमच्या सिस्टिममध्ये हीच गडबड होती. महिनाभर तक्रारी येत होत्या. मी निनादकडे बघितलं. तो मान हलवत होता, खूश होता. मला वाटलं, झालं. ही येणार. माझ्या शेजारचं टेबल रिकामं होतं. मी मनातल्या मनात ते तिला देऊनही टाकलं.

टप्.

"पालीची म्हणजे थेट बल्लाळेश्वराच्या गावची! मग गणपती किती दिवसांचा तुमच्याकडे?"

तिने गिळलं नाही. उलट चटकन बोलली. फारच चटकन.

"दीड दिवसाचा, सर. गौरीबरोबर जातो."

मग निनाद हसायला लागला. मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं, दीड दिवसाचा गणपती गौरी यायच्या आधीच जातो! तुमचा काय थांबतो की काय तिच्यासाठी?" बाजूला बसलेल्या केतकीने तोंडावर हात धरला. स्नेहलही हसली. इतर हसतायत म्हणून आपणही हसावं, तसं हसली. ओढणीची पीन चाचपत राहिली.

ज्याच्या घरी गणपती येतो त्याचं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. ही चूक आमच्यातलंच कुणी करू शकतं. वाडीच्या बाहेरून ढोल ऐकत वाढलेलं, आरत्या पाठ असलेलं, पण कोण कधी येतो आणि कधी जातो हे घरात कधी न बघितलेलं. मला कळलं. निनादलाही कळलं. त्याचं हसणं थांबलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर ते मला दिसलं. मी एवढंच म्हणू शकले, "पुढचा प्रश्न मी विचारते." आणि कोडचं काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं. बरोबर दिलं. पण आवाज बारीक झाला होता.

ती गेल्यावर मी पाण्याचा बहाणा करून उठले आणि नाक्यावर गेले. रिक्षाची वाट बघत उभी होती. मला बघून तिने फाइल छातीशी ओढली.

"पालीत कुठल्या वाडीतली तू?" मी विचारलं. आणि विचारताना माझं मलाच ऐकू आलं. मीही तेच केलं होतं.

"पालीतच, मॅडम." तोंड एकदम बंद.

"मी बौद्धवाडीतली," मी म्हटलं. मग माझ्या गावाचं नाव सांगितलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मुलाखतीतली भाषा गळून पडली.

"तुमी? मंग तुमी तितं कशा बसता?"

तीच बोलत राहिली. "आमच्या क्लासच्या पोरींचा ग्रुप हाय, ताई. त्याच्यावर लिवलंय. त्या बंगल्यात गणपती इचारतात. दीड दिवस सांगायचा, म्हंजे पुढं जास्त काय इचारत न्हायत. गौरीचं मीच लावलं. खरं वाटावं म्हनून." तिने ओढणीने नाक पुसलं. "आनि तुमचं पन लिवलंय."

"माझं? काय?"

"एक मॅडम असते. गप बसून तोंडाकडं बघते. तिला लगेच कळतं. तिच्याकडं बघायचं न्हाय."

रिक्षा आली. ती बसून गेली. मी नाक्यावर उभी राहिले.

तोवर मला वाटत होतं, अपमान म्हणजे कागदाची प्लेट. अपमान म्हणजे ऑन-कॉल, आणि मागचं धुकं. तो तर किरकोळ होता. खरा अपमान मला त्या नाक्यावर समजला. माझ्या पोरी माझ्यापासून लपत होत्या. अख्ख्या किनाऱ्यावर एकमेकींना सांगत होत्या, तिच्यापासून जपून. निनादने मला पॅनलवर घेतलं ते टॅलेंट ओळखायला असेल, नसेल. पण बाहेर उभ्या असलेल्यांना मी दारावर बसवलेली बाई दिसत होते. आणि मला पगारवाढ झाली म्हणून मी खूश होते. मला रडू आलं नाही. संताप आला. आधी स्वतःचा आला, मग बाकीच्यांचा, आणि तो बाकीच्यांचा जास्त टिकला.

परत गेले तेव्हा निनाद आणि केतकी काचेच्या केबिनमध्ये बोलत होते. मी आत शिरले, दार लावलं.

"स्नेहलचं काय?"

"टेक्निकली स्ट्राँग आहे, यार," निनाद म्हणाला. "पण खोटं बोलली. एवढ्याशा गोष्टीत खोटं बोलते तर क्लायंटशी काय करेल? इंटेग्रिटीचा प्रश्न आहे."

"तुम्ही तिला विचारलंत कशाला?"

"कम ऑन. गप्पा आहेत त्या. कोकणात सगळेच विचारतात."

"तुम्ही लॅपटॉप मिटवून विचारता."

केतकीची मान सरळ झाली होती. मी पहिल्यांदाच बघितली तशी.

"आम्ही हे काही मानत नाही, तुला माहितीय," तो म्हणाला.

"मानत नाही, तर मग विचारलंत कशाला?" आईचं वाक्य माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर आलं. शुद्ध मराठीत, एवढाच फरक.

त्याने उसासा टाकला. हट्टी मुलाला समजावतात तसा चेहरा केला. मग म्हणाला, आणि हे मी शब्द न् शब्द लिहून ठेवते आहे, "ठीक आहे. मी विचारलेलं तुला खटकतं ना? मग पुढच्या वेळेपासून तू विचार. तू विचारलंस तर कुणाला काही वाटणार नाही."

म्हणजे एवढ्या वर्षांनी सगळं उघड झालं. त्याला प्रश्न सोडायचा नव्हता. फक्त तोंड बदलायचं होतं.

"मी विचारणार नाही," मी म्हटलं. "आणि तुम्ही विचारलंत, तर समोरच्याला तिथेच सांगेन, याचं उत्तर देऊ नकोस, हे कामाचं नाही."

"धमकी देतेयस?"

"सांगून ठेवतेय. मी बौद्ध आहे. केतकीला तुम्ही सांगितलंयत, मला माहितीय. आता मी स्वतः सांगतेय."

मी दार उघडलं आणि माझ्या टेबलावर जाऊन बसले.

स्नेहलला नाही घेतलं. शेजारचं टेबल अजून रिकामं आहे. पैसे भरताना नेट गेलं की खोली कुणाची, ही गडबडही तशीच आहे. मी दुरुस्त करू शकते. तिने फळ्यावर काय मांडलं होतं ते माझ्या लक्षात आहे. पण ते तिचं आहे. तिला न घेता तिचं उत्तर घ्यायचं नाही, हे मी निनादला लिहून कळवलं. त्यावर त्याचं उत्तर आलं नाही. पॅनलची बोलावणीही यायची बंद झाली. माझ्या कोडवरचे शेरे वाढले. आता मात्र त्यामागे जाऊन बघावं लागत नाही. तेवढं काम कमी झालं.

गणपतीचं ऑन-कॉल पुन्हा माझ्या नावावर लागलं. मी सुट्टी टाकली. केतकीचा फोन आला. "अगं पण तुमच्याकडे तर नसतो ना?"

"नसतो. म्हणूनच."

तिला कळलं नाही. मीही समजावत बसले नाही.

आईला सगळं सांगितलं. तिने तेलाची बाटली खाली ठेवली. "मंग आता परत ऐरोली?" बहुतेक परत ऐरोलीच. तिचे गुडघे, हे घर, ही संध्याकाळची रिक्षा, सगळं 'मी विचारणार नाही' या एका वाक्याच्या बदल्यात जाणार आहे. ते मला केबिनचं दार लावतानाच माहीत होतं.

स्नेहलला फोन करून मी स्वतःला त्या ग्रुपवर घ्यायला लावलं. पहिलं वाक्य लिहिलं, "ती मॅडम मीच." मग लिहिलं, "दीड दिवस सांगू नका. काहीच सांगू नका. हा प्रश्न कामाचा आहे का, एवढं विचारा, आणि विचारणाऱ्याचं नाव मला कळवा." मग एकीने लिहिलं, "ताई, तुमाला नोकरी हाय म्हनून बोलताय." तिचं चुकलेलं नाही. म्हणून मी स्वतः बाहेर मुलाखती द्यायला लागले. जे त्यांना सांगितलं ते आधी मी करून दाखवायला हवं.

परवा एक झाली. व्हिडिओवर. मोठी कंपनी, समोर साडी नेसलेली, चष्मा लावलेली बाई. कॉल सुरू व्हायच्या आधी मी मागचं धुकं काढून टाकलं. निळी भिंत आली, ध्वज आला, मूर्ती आली. आई दारात उभी राहून बघत होती. कामाचे प्रश्न झाले. अडले नाही. मग त्या बाईंनी चष्मा काढला. लॅपटॉप मिटवता येत नव्हता ना, म्हणून.

"रायगडच्या तुम्ही! वा. मग गणपतीत मज्जा असेल. किती दिवसांचा असतो तुमच्याकडे?"

भिंत त्यांना दिसत होती. तरी विचारलं. की दिसत होती म्हणूनच?

"आमच्याकडे गणपती नसतो. आम्ही बौद्ध," मी म्हटलं. "हा प्रश्न कामाचा आहे का?"

त्या थांबल्या. चष्मा हातातच राहिला. मी कॅमेऱ्यात सरळ बघत राहिले. नोकरी मिळेल की नाही, मला माहीत नाही. मिळाली तर का दिली, याचाही मी संशय घेणार आहे, आणि त्याची मला आता लाज वाटत नाही.

ग्रुपवर लिहिलंय ना, एक मॅडम असते, गप बसून तोंडाकडं बघते, तिला लगेच कळतं. तसंच राहू द्या ते. खोडू नका. फक्त यापुढे ती गप बसणार नाही, आणि तोंड बघणार आहे ते विचारणाऱ्याचं.